दुसरी वेणी

किळस हा मोनालीचा जुना आजार. लहानपणी दुधावर साय दिसली तरी तिला उमासे यायचे, आणि वडनेरच्या घरी तिच्यापुरतं दूध गाळून ठेवावं लागायचं. आई म्हणायची, "उद्या पोट्टेसोट्टे होतीन तवा कशी करशीन व तू?" पोट्टे झाले आणि मोनालीने सगळं केलं. संबोधीची ओकारी ओंजळीत झेलली. सम्यकचं लडबडलेलं ढुंगण बसस्टँडवरच्या नळाखाली धुतलं आणि पाच मिनिटांनी त्याच हाताने बिस्किट खाल्लं. नाक, लाळ, शेंबूड, उशीखाली दडवलेला आंबलेला पेरू, कशाचं म्हणून तिला काही वाटेनासं झालं. आजार गेला, असं ती समजून चालली होती. तो गेला नव्हता हे तिला सेलूत आल्यावर कळलं.

सेलूला बदली होऊन आली तेव्हा गावात तोंडओळखीचंही कोणी नव्हतं. जवळच्या खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत ती शिक्षिका. नवरा विवेक हिंगणघाटला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. पहिलीतली संबोधी व्हॅनने इंग्रजी शाळेत जायची, अडीच वर्षांचा सम्यक घरमालकीणबाईंकडे राहायचा. सोमवार ते शनिवार मोनाली कोणा मोठ्या माणसाशी चार वाक्यं बोलायची ती फक्त शाळेतल्या कामापुरती. संध्याकाळी मुलं झोपली की घर इतकं गप्प व्हायचं, की ती मुद्दाम भांडी आपटून घासायची.

तिला पहिली हाक मारली जागृतीने. सकाळी सातच्या सुमारास पानठेल्याजवळ व्हॅन थांबायची, तिथे. "तुमी नवीन आल्या का? चहा घ्याले या ना एखाद्या दिवशी." एवढंच. मग चहा झाला, मग रविवारचे समोसे, मग तिसरी हर्षा येऊन मिळाली. तिघींच्या मुली एकाच व्हॅनमधल्या: संबोधी, जागृतीची कनक, हर्षाची परी. तिघी मिळून बोरधरणाला जाऊन आल्या. वाढदिवसांचे फुगे तिघींनी मिळून फुगवले. सम्यकने नाकात हरभरा घातला त्या दिवशी जागृती स्वयंपाक तसाच टाकून आली, स्कूटीवर त्याला मांडीत घेऊन डॉक्टरकडे गेली, आणि हरभरा निघेपर्यंत मोनालीचा हात धरून बसली. हे सगळं खरं होतं. पुढे जे झालं त्याने हे खोटं ठरलं नाही, हीच तर पंचाईत.

तिसऱ्या आठवड्यात जागृतीने आडनाव विचारलं होतं. मोनालीने सांगितलं. जागृतीचा चेहरा क्षणभर थांबला, मोनालीला ओळखीचा होता तसा, आणि मग "असं का" म्हणत तिने किटलीतून चहा ओतला. कप नेहमीचेच होते. आपण कप पाहून घेतला, याचीच मोनालीला रस्ताभर लाज वाटत राहिली.

व्हॅनमध्ये मुलींना चढवायला-उतरवायला रामबाई असायची. ती गोंड, तळेगावकडची. नवरा नागेश वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला. तिची रिंकू सात वर्षांची. रामबाई व्हॅनवर असल्यामुळे रिंकूही त्याच व्हॅनमध्ये मागच्या कोपऱ्यात बसायची आणि वाटेत मराठी शाळेपाशी उतरायची. रिंकूचे केस कमरेपर्यंत. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, इतक्या घट्ट आणि सारख्या, की व्हॅन सुटली तरी मोनालीची नजर त्यांच्यावरून निघायची नाही. आपल्या लेकीची वेणी तिला कधी अशी जमली नव्हती.

उवा आल्या त्या दिवाळीनंतर. वडनेरला माहेरी सगळी भाचरं एका सतरंजीवर झोपली होती. परत आल्यावर चौथ्या दिवशी तेल लावताना मोनालीला संबोधीच्या कानामागे लिखा दिसल्या. शाळेत दर शनिवारी ती पोरींची डोकी तपासायची, तिचा डोळा सरावलेला होता. तिने दार लावून घेतलं, वर्तमानपत्र पसरलं आणि बारीक दातांची फणी फिरवली. कागदावर काळे ठिपके पडले आणि चालू लागले. एक बातमीवरून फोटोकडे निघाली होती. मोनालीने ती नखाने चिरडली, आणि टक् असा तो बारीक आवाज तिच्या पोटात जाऊन बसला.

औषध आणलं, डोकं धुतलं. पण व्हॅन बंद केली नाही. व्हॅन बंद केली असती तर कारण सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं तर कोणी काही बोललं नसतं, फक्त चेहरे थांबले असते. एखादीला उवा झाल्या तर त्या तिच्या एकटीच्या असतात. आपल्याला झाल्या तर त्या आपल्या सगळ्या लोकांच्या होतात, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. म्हणून संबोधीला घट्ट वेणी घालून ती आठ दिवस व्हॅनमध्ये पाठवत राहिली.

पुढच्या पंधरवड्यात कनक डोकं खाजवू लागली, मग परी. तिघींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर हर्षाने लिहिलं, "परीच्या डोक्यातून आज सात निघाल्या. शी." जागृतीने विचारलं, "कोणाकडे आहेत? लपवू नका हं." मोनालीने 'संबोधीच्या' एवढं टाइप केलं, पुसलं, आणि लिहिलं, "आमच्याकडे नाहीत. तरी रोज बघते." वाक्य खरं होतं. शेवटची लीख दोनच दिवसांपूर्वी निघाली होती.

मग जागृतीचा मेसेज आला. "मग रिंकूच. केस पाहिले ना तिचे? कमरेपर्यंत."

हर्षाने लगेच 'होच' लिहिलं. मोनालीला हायसं वाटलं. छातीवरचं ओझं सरकन खाली उतरलं, आणि ते उतरल्याची तिला इतकी शिसारी आली, की ती उठून न्हाणीत गेली आणि तिने कारण नसताना हात धुतले.

दोन दिवसांत सगळं ठरलं. येत्या रविवारी केळझर रस्त्यावरच्या जागृतीच्या शेतात रोडगे, गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे जाड गोळे, करायचे होते. रोडगे भाजायला रामबाईला सांगितलंच होतं. गोवऱ्यांच्या पेटत्या हारीत रोडगा भाजणं हे सगळ्यांना येत नाही. वरून जळतो, आतून कच्चा राहतो. रामबाईचा कधी कच्चा राहत नसे. तर त्याच दिवशी रिंकूचे केस कापून टाकायचे. हर्षाने पार्लरचा कोर्स केलेला होता. "रामबाईला मी सांगितलं," जागृतीने लिहिलं. "व्हॅनमध्ये बसवायची असेल तर केस काढावे लागतील म्हटलं. ती हो म्हणाली."

मोनालीने त्याखाली होकाराचा अंगठा टाकला. पिवळा, उभा अंगठा. नंतरचे चार दिवस ती अधूनमधून ग्रुप उघडून तो पाहायची.

रविवारी शेतात पोचल्या तेव्हा ऊन कोवळं होतं. तुरीला शेंगा लागल्या होत्या, कापसाची शेवटची वेचणी राहिली होती. कडुनिंबाच्या झाडाखाली जागृतीची सासू, प्रमिलाबाई, सतरंजीवर बसून वांगी चिरत होती. रामबाईने गोवऱ्या रांगेत उभ्या लावून हार पेटवली होती आणि धुरात डोळे बारीक करून ती विस्तव पाहत होती. मोनालीने पदर खोचला आणि जाड कणीक मळायला घेतली. तेलाचं मोहन, ओवा, मीठ. हर्षाने लाटायचं, तेल लावून घड्या घालायच्या, मोनालीने गोळे करायचे. हात गुंतले होते तोवर बरं होतं. आज जागृतीला बाजूला घेऊन सांगायचं, हे ती घरून ठरवून निघाली होती.

संधी दिली ती सम्यकने. त्याने तुरीचे हिरवे दाणे मूठ मूठ खाल्ले होते आणि व्हायचं ते झालं. मोनाली त्याला उचलून विहिरीवरच्या मोटारीच्या टाक्याकडे धावली. चड्डी, पाय, तिची साडी, सगळं भरलं होतं. मागून जागृती साबण आणि जुनं फडकं घेऊन आली, तिने बाही वर केली आणि सम्यकची चड्डी पिळायला घेतली. दुसऱ्याच्या लेकराचा गू असा कोण धुतं, मोनालीच्या मनात आलं.

"जागृती, एक सांगायचं होतं."

"सांग ना व."

"उवा आमच्या संबोधीच्या डोक्यात होत्या. दिवाळीनंतर. मी बोलली नाही तुम्हाले."

जागृतीचे हात थांबले नाहीत. "मले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"कनकले तुया बाथरूममंधी नेलतं मी, सम्यकच्या वाढदिवसाच्या दिवशी. खिडकीत औषधाची शिशी होती. फणी पन."

पाणी पाइपातून पडत राहिलं. सम्यक त्यात हात मारून हसत होता.

"मंग रिंकूचं नाव काऊन घेतलं तू?"

"मंग का तुयं घेऊ?" जागृतीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत खरोखरचं नवल होतं. "ग्रुपवर हर्षा इचारून राह्यली होती. तिचं तोंड मालूम आहे ना तुले? साऱ्या गल्लीत झालं असतं. आन सासू तं आधीच म्हणते..."

"काय म्हणते?"

"जाऊ दे ना."

"सांग तं खरी."

"म्हणते, का दरवेळी तिलेच काऊन आणते वावरात. म्हातारं मानूस आहे, बोलते. मी लक्ष देत नाई." तिने चड्डी झटकून बाभळीवर वाळत टाकली. "तुयासाठीच केलं मी, आन तूच मले जाब इचारून राह्यली. केस काय व, वाढते. तिले तं उन्हाळ्यात बरंच वाटीन."

ती पुढे झाली आणि जाताजाता तिने मोनालीच्या खांद्यावर ओला हात ठेवला. मैत्रिणीचाच हात होता तो. मोनालीला वाटलं, खांद्यावर काहीतरी चालतंय. ती तो भाग पदराने पुसत राहिली.

झाडापाशी परतली तेव्हा टमाट्याचं क्रेट पालथं घालून रिंकूला त्यावर बसवलं होतं. गळ्याभोवती टॉवेल. हर्षाच्या हातात कात्री आणि तोंडाची टकळी चालू. "हालू नको व बाई. एकदम मस्त बॉबकट करतो तुया. सारे इचारतीन, ही कोन पोट्टी म्हणून." रिंकूने दोन्ही हातांनी क्रेटची कड धरली होती. रामबाई हारीपाशी पाठ करून बसली होती. चिमट्याने रोडगे उलटवत होती, एक संपला की दुसरा, मान न वळवता.

मुली भोवती जमल्या होत्या. कनकने नाक धरलं, "उवावाली, उवावाली." परीनेही धरलं. आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या संबोधीने, मोनालीच्या संबोधीने, आपलं छोटं नाक दोन बोटांत चिमटून घेतलं आणि ती हसली. ते हसू अगदी निर्मळ होतं. कोणीतरी आपल्यापेक्षा घाण आहे हे नुकतंच कळलेल्या लेकराचं.

मोनालीने तोंड उघडलं. तेवढ्यात कात्री चालली. जाड वेणी एका झटक्यात तुटत नाही. कात्रीने ती करकर चावली, तीनदा, चारदा, आणि मग वेणी रिबिनीसकट हर्षाच्या हातात आली. हर्षाने ती चिमटीत धरून, हात लांब ठेवून, दुधाच्या रिकाम्या पिशवीत सोडली.

"हर्षा, थांब."

"काय झालं?"

"रिंकूच्या डोक्यात काही नाही. उवा आमच्या घरून आल्या. संबोधीच्या डोक्यात होत्या, मी लपवलं." शाळेत पाढे म्हणून घ्यायच्या आवाजातच ती बोलली होती. दुसरा आवाज तिला सापडला नाही.

मग हर्षा हसली. "अवं, तिले रिंकूपासूनच लागल्या असतीन ना. एवढं काय मनाले लावून घेते?"

"नाही. वडनेरवरून आल्या. तेव्हा रिंकू आठ दिवस मामाकडे गेलती. व्हॅनमध्ये नव्हतीच ती. जागृतीलेही माहीत आहे."

जागृती वांग्याच्या पातेल्यात पळी फिरवत होती. तिने वर पाहिलं नाही. भाजीला तशी ढवळायची गरज नव्हती.

प्रमिलाबाईने विळी आडवी केली. तिचा आवाज मऊ होता, पाहुण्यांशी असतो तसा. "मॅडम, रोडग्याची कनिक तुमीच मळली ना?"

"हो."

"नाई, असंच इचारलं."

आणि मग सगळ्यांनी हारीकडे पाहिलं, आणि सगळ्यांनीच नजर काढून घेतली. हर्षाने कणीक लाटलेले आपले हात ओढणीला पुसले. एकदा, आणि मग पुन्हा. मोनाली आयुष्यभर जे टाळत आली होती ते समोर मांडलेलं होतं, आणि ते इतकं साधं होतं: एक म्हातारी, एक प्रश्न, विचारून झाल्यावर सारवलेला. याच्यासाठी आपण त्या पोरीला क्रेटवर बसू दिलं. या दोन बायांच्या चहासाठी. समोशांसाठी. रविवारी कोणीतरी दार वाजवावं म्हणून.

रामबाई उठून आली. तिचे हात कोपरापर्यंत राखेने पांढरे होते. तिने पिशवीतून वेणी काढली, रिबीन सोडवली आणि कमरेला खोचली. मग ती रिंकूशी आपल्या भाषेत काहीतरी बोलली. मोनालीला त्यातला शब्दही कळला नाही. रिंकूने दोनच शब्दांत उत्तर दिलं आणि मान खाली घातली. एका खांद्यावर वेणी, दुसऱ्या खांद्यावर कापलेल्या केसांचा वेडावाकडा झुपका.

"मॅडम," रामबाई म्हणाली, "दुसरी बी काढून टाका."

"नको रामबाई. राहू द्या. आता कशाला?"

"एका वेणीची पोट्टी घेऊन गावातून जाऊ का मी?"

"मग हर्षा करेल नीट..."

"नाई. तुमी काढा." तिने हर्षाच्या हातातून कात्री घेतली आणि मोनालीपुढे धरली. "तुमी बोलल्या, बरं झालं. पन चार दिवस आधी बोलल्या असत्या तं हे कैची घरीच राह्यली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजी लागली, पाणी घाला, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि ती परत विस्तवाशी जाऊन बसली. या वेळी मात्र तोंड इकडे करून.

मोनाली क्रेटमागे गुडघ्यांवर बसली. तिने रिबीन सोडवली, वेणी उकलली. केस ओंजळीत मावेनात. तेलाचा वास होता, थोडा धुराचा. बोटं आपोआप शनिवारच्या सवयीने चालू लागली: कानामागे, मानेच्या खळगीत, भांगाच्या दोन्ही अंगांना. स्वच्छ. ती पुन्हा मागे गेली. केसांची एकेक बट वेगळी करून उन्हात धरली. टाळूची कातडी उजळ आणि कोरडी, कुठे खाजवल्याची खूण नाही. इतकी निगुतीने राखलेली डोकी तिने शाळेत फार थोडी पाहिली होती.

तरी तिची बोटं थांबेनात. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ती तपासत नव्हती. ती शोधत होती. एक तरी सापडावी म्हणून. एक लीख, मेलेलीही चालेल, म्हणजे हे सगळं अगदीच विनाकारण झालं नाही असं होईल. तिने झटकन हात काढून घेतला. वर्तमानपत्रावरच्या त्या उवेची तिला इतकी किळस आली नव्हती.

"मॅडम, लवकर करा ना," रिंकू म्हणाली. "मुंग्या चावून राह्यल्या पायाले."

संबोधी जवळ येऊन उभी होती. नाकावरची बोटं सुटली होती. "मम्मी, हिच्या डोक्यात आहेत का?"

"नाहीत."

"मग काऊन कापून राह्यली तू?"

मोनालीने पहिल्या बाजूच्या केसांची लांबी बोटाने मोजली आणि तेवढ्यावर कात्री धरली. वेणी नसलेले केस सहज कापले जातात. आवाज झाला नाही. ते तिच्या मांडीवर पडत राहिले आणि साडीला चिकटत राहिले.

झालं तेव्हा तिने टॉवेल झटकला, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पुढून पाहिलं. रिंकूने डोक्यावरून हात फिरवला. मानेपाशी येऊन तो हात पुढे कुठे जायचं ते न कळल्यासारखा थांबला. मग ती उठून आईकडे गेली.

रामबाईने हारीतून रोडगे काढून फडक्यात घेतले, झटकून राख उडवली. भाजी झाली होती, वरण झालं होतं, पत्रावळी मांडल्या होत्या. "माही आज चतुर्थी आहे," हर्षा म्हणाली, "मी फक्त केळ घेतो." प्रमिलाबाईला ॲसिडिटी होती. जागृती मुलांना म्हणाली, "तुमी भाजीभात खा आधी," आणि ताटं वाढण्यात गुंतली. तिने एकदा मोनालीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि थोडी कीवही, वाया गेलेल्या गोष्टीकडे पाहावं तशी.

रामबाईने पहिला रोडगा मोडून रिंकूला दिला. वर तूप ओतलं. दुसरा तिने मोनालीच्या पत्रावळीवर ठेवला आणि ती समोर उभी राहिली.

मोनालीने तो मोडला. आतून वाफ निघाली. पापुद्रे सुटे होते, नीट शिजलेले. तिने वरणात बुडवून घास तोंडात घातला. एक केस जिभेला लागला, लांब, तिच्या साडीवरून आलेला. तो घास तोंडात फिरत राहिला, वर यायला पाहू लागला. रामबाई हलली नाही. मोनालीने बोटाने केस ओढून काढला, डोळे मिटले आणि घास गिळला. मग दुसरा मोडला.